आधी चेंडू, मग भोपळा : नवशिक्यांसाठी वेब ॲनिमेशन

“ॲनिमेशन शिकायचंय, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?” हा प्रश्न हल्ली लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या मंडपात, कुठेही कानावर येतो. विचारणारे फक्त दहावीची परीक्षा संपलेल्या मुलांचे आईबाबा नसतात. कुणाला आपल्या घरगुती मसाल्यांच्या जाहिरातीसाठी हलतं चित्र हवं असतं. कुणी निवृत्त झालेले काका नातवंडांसाठी गोष्टी रंगवायच्या म्हणतात. कुणी बालवाडीच्या बाई असतात, त्यांना मुळाक्षरं नाचवायची असतात.

उत्तरादाखल चार नावं सांगता येतात आणि या लेखात ती पुढे सांगितलीही आहेत. पण नावांच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सॉफ्टवेअर येतात आणि जातात. आपण शिकलेलं काय उरेल आणि आपण केलेलं काय टिकेल, याचा विचार पहिल्या दिवशी केला तर पुढची पुष्कळ मेहनत वाचते. याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फ्लॅश.

फ्लॅश कुठे गेलं?

ज्यांनी २००० नंतरच्या दशकात इंटरनेट वापरलं, त्यांना दिवाळीची ई-शुभेच्छापत्रं आठवत असतील. दुव्यावर टिचकी मारली की पणती तेवायची, भुईनळा उडायचा आणि सनई वाजायची. त्यातली बहुतेक फ्लॅशमध्ये केलेली असत.

हे सॉफ्टवेअर १९९६ साली ‘फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर’ या नावाने आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस मॅक्रोमीडिया कंपनीने ते विकत घेतलं आणि त्याचं ‘फ्लॅश’ असं बारसं केलं. २००५ मध्ये मॅक्रोमीडियाच ॲडोबीकडे गेली. तेव्हाचं इंटरनेट अतिशय संथ होतं. फ्लॅश चित्राचे ठिपके साठवण्याऐवजी रेषांची गणितं साठवत असे, त्यामुळे फाइल छोटी राहायची आणि संथ फोन-लाइनवरूनही पटकन उतरायची. गावोगावच्या क्लासमध्ये फ्लॅश शिकवलं जाऊ लागलं ते याच काळात.

मग २००७ मध्ये आयफोन आला आणि त्यात फ्लॅश चालत नव्हतं. बॅटरी लवकर संपणं आणि सुरक्षेतल्या त्रुटी या तक्रारी वाढत गेल्या. फ्लॅश जे करत होतं त्यातलं बरंचसं ब्राउजर स्वतःच करू लागले. शेवटी २०१७ मध्ये ॲडोबीने निवृत्तीची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरचा आधार संपला. १२ जानेवारी २०२१ पासून तो प्लेअर फ्लॅशच्या फाइली चालवेनासाच झाला. लाखो माणसांनी वीसेक वर्षं केलेलं काम एका दिवसात मुकं झालं. ‘रफल’ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ हे डिजिटल ग्रंथालय यांच्यामुळे त्यातलं काही आज पुन्हा पाहता येतं, पण ज्यांनी फाइली जपून ठेवल्या होत्या त्यांचंच.

मात्र याच काळात आणखी एक गोष्ट घडली. ज्यांना फक्त फ्लॅशची बटणं पाठ होती ते अडले. चित्र कशामुळे जिवंत वाटतं, हे ज्यांना कळलं होतं ते महिन्याभरात दुसऱ्या सॉफ्टवेअरवर काम करू लागले. कारण ॲनिमेशनचा मूळ कच्चा माल म्हणजे वेळ. एका सेकंदाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात वस्तू कुठे असेल ते ठरवायचं, एवढंच हे काम आहे.

बडोद्याचा विद्यार्थी आणि वाटाण्याचं रोप

आपल्या बडोद्याला तर हे कळायला लांब जायची गरज नाही. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचा नादही त्यांना इथेच लागला. पुढे १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर चित्रपटासाठी भांडवल उभं करायचं होतं. पैसे देणाऱ्यांना चित्रपट म्हणजे काय ते दाखवायचं कसं? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडी थोडी चित्रं घेत राहिले. मिनिटभराच्या त्या ‘अंकुराची वाढ’मध्ये बी रुजून वेल वर चढताना दिसला, आणि पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतर, १९१३ साली आला. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यापेटीतल्या काड्याही एकेक चित्र घेत नाचवल्या.

फाळक्यांकडे संगणक नव्हता, टाइमलाइन नव्हती. महिनाभराचा वेळ मिनिटात कसा बसवायचा, हा हिशेब होता. आज मोबाइल एका जागी घट्ट बसवून, मटकीला मोड येताना दर पंधरा मिनिटांनी एक फोटो घेतला तर घरातलं आठ वर्षांचं मूलही हाच प्रयोग करू शकतं. दोन दिवसांत १९२ फोटो होतात. सेकंदाला बारा या वेगाने ते दाखवले की सोळा सेकंदांचं ॲनिमेशन तयार. सॉफ्टवेअर शिकण्याआधीचा हा उत्तम पहिला धडा आहे.

सॉफ्टवेअर उघडल्यावर काय दिसतं?

कुठलंही ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर उघडा, चार-पाच गोष्टी सारख्याच दिसतील. त्यांची नावं इंग्रजी असली तरी कल्पना साध्या आहेत.

फ्रेम म्हणजे एक चित्र, वेळेचा एक तुकडा. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुधा एकच चित्र दोन फ्रेम टिकवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. नवशिक्याने बाराचाच हिशेब धरावा. हिशेब सोपा आणि काम निम्मं.

टाइमलाइन म्हणजे या फ्रेमची ओळ. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या घरांची एक रांग खाली दिसते, ती टाइमलाइन.

लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. मागच्या कागदावर डोंगर, मधल्यावर झाड, पुढच्यावर माणूस. माणूस हलला म्हणून डोंगर पुन्हा काढावा लागत नाही.

कीफ्रेम म्हणजे हालचालीतला महत्त्वाचा टप्पा. जुन्या स्टुडिओंमध्ये मुख्य चित्रकार फक्त हे टप्पे काढत आणि मधली चित्रं मदतनीस भरत. आता ते मदतनिसाचं काम संगणक करतो, त्याला ‘ट्वीन’ म्हणतात.

ओनियन स्किन म्हणजे कांद्याची साल. आधीचं चित्र फिकट दिसत राहतं आणि त्यावरून पुढचं काढता येतं. ट्रेसिंग पेपरवर काढल्यासारखंच.

एवढ्या पाच कल्पना समजल्या की उरलेली शंभर बटणं गरज पडेल तशी शिकता येतात. पहिल्या आठवड्यात ती सगळी दाबून पाहण्याची गरज नाही.

पहिला अभ्यास : चेंडू

जगभर ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीला उसळता चेंडू काढायला लावतात. चित्रकला येत नसली तरी गोल कुणालाही काढता येतो, आणि पडण्याचा वेग सगळ्यांच्या डोळ्यांत बसलेला असतो. त्यामुळे चूक लगेच कळते.

आलेखाचा कागद घ्या. चेंडू सोळा घरं उंचीवर आहे असं धरा. चार टप्प्यांत तो जमिनीवर आणायचा आहे. सरळ भागाकार करून प्रत्येक टप्प्याला चार घरं दिलीत तर चेंडू दोरीने खाली सोडल्यासारखा दिसेल. पडणारी वस्तू प्रत्येक क्षणी वेग घेत असते. समान वेळात ती १, ३, ५, ७ अशा विषम संख्यांच्या प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवून दिलं. बेरीज करा, बरोबर सोळा होते. म्हणजे पहिल्या टप्प्यात एक घर, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात पाच आणि शेवटच्यात सात.

आता उसळी. जमिनीला लागून चेंडू नऊ घरं वर जाऊ द्या. वर जाताना उलटा क्रम, ५, ३, १. पुन्हा खाली १, ३, ५. मग चार घरांची उसळी, वर ३, १ आणि खाली १, ३. शेवटी एक घर वर, एक घर खाली आणि थांबला. मोजून पाहा, सोळा टप्पे झाले. सुरुवातीचं धरून सतरा चित्रं. सेकंदाला बाराच्या वेगाने हे सगळं सव्वा सेकंदाहून थोड्या जास्त वेळात संपतं. खरा चेंडू याच मापात उसळेल असं नाही, पण डोळ्याला पटतं.

वेळेचाही ताळा पाहा. बारा चित्रांच्या वेगाने चार टप्पे म्हणजे एक-तृतीयांश सेकंद. तेवढ्या वेळात खरी वस्तू साधारण अर्धा मीटर पडते, म्हणजे खुर्चीच्या बैठकीवरून जमिनीवर. तुमचा चेंडू गच्चीवरून पडत असेल तर टप्पे वाढवावे लागतील. तेवढेच ठेवले तर इमारत खेळण्यातली वाटेल.

आता चेंडूच्या जागी भोपळा ठेवा. भोपळा जड, म्हणून तो लवकर पडेल का? नाही. हवेचा अडथळा सोडला तर दोन्ही सारख्याच वेळात पडतात. जडपणा दिसतो तो उसळीत. भोपळा चार टप्प्यांत पडेल, जेमतेम एक घर उचलला जाईल आणि बसेल. पडण्याची चित्रं तीच, पुढची चार-पाच बदलली आणि रबर जाऊन तिथे वजन आलं. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की ॲनिमेशन म्हणजे काय ते समजतं.

दुसरा अभ्यास : झोपाळा

दुसऱ्या अभ्यासासाठी दिवाणखान्यातला झोपाळा पुरे. बडोद्याच्या जुन्या घरांत तो असतोच. झोपाळा टोकाला पोचताना मंदावतो, क्षणभर थबकतो, मग परत येताना वेग घेतो आणि मधून सर्रकन जातो. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला लागणाऱ्या वेळाचे तीन भाग केले, तर मधल्या एका भागात तो निम्मं अंतर कापतो.

नवशिक्याच्या कामात नेमकी इथेच खोट असते. दोन टोकांना कीफ्रेम दिल्या आणि मधलं संगणकावर सोडलं, की संगणक अंतर सारखं वाटून टाकतो. झोपाळा यंत्रासारखा इकडून तिकडे सरकतो. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये यावर ‘ईझिंग’ नावाची सोय असते. सुरुवात हळू करायची की शेवट हळू, की दोन्ही, हे तिथे एका वक्र रेषेने ठरवता येतं. मान वळणं, हात उचलणं, दार उघडणं, सगळ्याला ते लागतं. डिस्नीचे चित्रकार फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात ॲनिमेशनची बारा तत्त्वं मांडली. हळू सुरुवात आणि हळू शेवट हे त्यातलंच एक. ते पुस्तक संगणकाच्या आधीच्या अनुभवावर उभं आहे आणि आजही तितकंच उपयोगी पडतं.

आता साधनांकडे

हे दोन अभ्यास कागदावर झाले की सॉफ्टवेअर निवडणं सोपं जातं, कारण आपल्याला काय हवंय ते माहीत असतं. खालची सगळी साधनं मोफत आणि मुक्त आहेत.

पेन्सिल टू-डी : अगदी हलकं, मोजक्या बटणांचं. जुन्या लॅपटॉपवरही चालतं. हाताने एकेक चित्र काढायचं असेल तर सुरुवात इथून करावी.

क्रिता : मुळात रंगकामाचं सॉफ्टवेअर, पण टाइमलाइनही आहे. ज्यांना जलरंगासारखी चित्रं आवडतात त्यांच्यासाठी.

सिनफिग : इथे प्रत्येक चित्र काढावं लागत नाही. कीफ्रेम द्यायच्या, मधलं संगणक भरतो. हातपाय वेगळे कापून जोडलेल्या कळसूत्री बाहुलीसारखी पात्रं यात चांगली होतात. फ्लॅशवर हात बसलेल्यांना हे जवळचं वाटेल.

ओपनटून्झ : जपानच्या स्टुडिओ जिब्लीने वापरलेल्या ‘टून्झ’ची २०१६ मध्ये सर्वांसाठी खुली केलेली आवृत्ती. ताकद मोठी, तशी शिकायला वेळही जास्त. दुसऱ्या वर्षी घ्यावं.

ब्लेंडर : त्रिमितीसाठी प्रसिद्ध, पण त्यातल्या ‘ग्रीस पेन्सिल’ने सपाट चित्रंही हलवता येतात.

फ्लॅशचं रूप बदलून आलेलं ॲडोबीचं ‘ॲनिमेट’ही आहे, पण ते विकतचं. शिकण्यासाठी पहिल्याच महिन्यात पैसे भरायची गरज नाही.

याशिवाय एक रस्ता असा आहे की ज्यात ॲनिमेशनचं सॉफ्टवेअरच लागत नाही. इंकस्केपमध्ये रेषांचं चित्र काढून ते एसव्हीजी या प्रकारात जतन करायचं. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येही उघडतो. मग सीएसएसच्या चार-पाच ओळींत ब्राउजरला सांगायचं की ही पणतीची ज्योत किती वेळात हलेल, कुठल्या टप्प्यावर किती झुकेल, वेग कसा बदलेल आणि हे किती वेळा होईल. कीफ्रेम, ईझिंग हे शब्द इथेही तेच असतात. एसव्हीजी २००१ पासून वेबचं अधिकृत मानक आहे. ते कुठल्या एका कंपनीच्या मालकीचं नाही, म्हणून उद्या कुणी दुकान बंद केलं तरी ती फाइल मुकी होत नाही.

वेबची शिस्त

वेबवरचं ॲनिमेशन माणसं मोबाइलवर, डेटा मोजून पाहतात. त्यामुळे काही पथ्यं पाळावी लागतात.

गिफ प्रकार सगळीकडे चालतो, पण त्यात एका चित्राला २५६ च रंग मिळतात, आवाज नसतो आणि फाइल पटकन फुगते. चार-पाच चित्रांच्या छोट्या आवर्तनासाठी तो ठीक. गोष्ट सांगायची असेल तर एमपी४ व्हिडिओ बरा. बोधचिन्ह, बटण, पणती, तोरण अशा सजावटीला एसव्हीजी.

ब्राउजरमध्ये वस्तूची जागा, कोन, लहान-मोठेपणा आणि पारदर्शकता बदलणं स्वस्तात होतं. रुंदी-उंची किंवा समास बदलत राहिलात तर त्याला पान पुन्हा पुन्हा मांडावं लागतं आणि साधा फोन अडखळतो.

आणखी एक पथ्य आरोग्याचं. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं चित्र अपस्माराच्या रुग्णांना त्रासाचं ठरू शकतं. फटाक्यांचं दृश्य करताना हे विसरू नये. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणारी हालचाल थांबवण्याची सोय द्यावी, असंही वेबचे सुगम्यतेचे नियम सांगतात. हालचालीने ज्यांना गरगरतं, ते फोनच्या सेटिंगमध्ये ‘कमी हालचाल’ निवडू शकतात. आपल्या पानाने त्या निवडीचा मान ठेवावा. घरातल्या ज्येष्ठांसाठी हे फार उपयोगाचं आहे.

देवनागरीची अडचण आणि तिच्यावरचा उपाय

इथवरचं सगळं कुठल्याही भाषेतल्या शिकवणीत सापडेल. पुढचं मात्र सहसा सापडत नाही, आणि मराठीत काम करणाऱ्याला ते पहिल्याच आठवड्यात आडवं येतं.

अक्षरं एकेक करून उमटवण्याचा परिणाम सगळ्यांना आवडतो. रोमन लिपीत तो सहज होतो. ‘दिवाळी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण संगणकात तो सहा तुकड्यांत साठवलेला असतो : द, वेलांटी, व, काना, ळ, वेलांटी. पहिली वेलांटी दिसते ‘द’च्या आधी, पण साठवली जाते नंतर. म्हणून तुकडे एकेक करून दाखवले की आधी ‘द’ येतो आणि मग त्याला बाजूला ढकलून वेलांटी डावीकडे उडी मारते. ‘स्त्री’ या एका अक्षराचेही सहा तुकडे असतात, त्यात दोनदा पाय मोडलेलं अक्षर दिसून जातं. वर शिरोरेघ तुटते ती वेगळीच.

उपाय तीन. एक, शब्द फोडूच नये, पूर्ण शब्दच आणावा. दोन, शब्द पूर्ण लिहून त्यावर झाकण ठेवावं आणि ते डावीकडून उजवीकडे सरकवावं. शिरोरेघ शाबूत राहते आणि कुणी लिहीत असल्यासारखं दिसतं. तीन, सॉफ्टवेअर जोडाक्षरं तोडतच असेल तर मजकूर इंकस्केपमध्ये लिहून त्याचं रेषाचित्रात रूपांतर करावं आणि ते चित्र म्हणून आत घ्यावं. नंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येणार नाही, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ आधीच तपासून घ्यावं.

फॉन्ट युनिकोडच वापरावा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की अगम्य चिन्हं होतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता आणि बालू, तसंच नोटो सान्स देवनागरी हे मोफत मिळतात आणि सुरेख दिसतात. काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आत दडलेले असतात. वेबपानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की ते आपोआप येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. आपल्या मुलांना अक्षरओळख ज्या पडद्यावर होणार, तिथे आपल्या वळणाचा ‘ल’ असावा एवढी काळजी आपणच घ्यायची.

पहिलं पूर्ण काम : वीस सेकंदांची गोष्ट

अभ्यास झाला, आता काहीतरी पूर्ण करायचं. विषय घरातलाच घ्या. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट लोककथा आहे, कुणाच्या परवानगीचा प्रश्न नाही. छापील कवितांचं तसं नसतं. आपल्या कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि चित्रपटगीतांच्या वाट्याला तर नवशिक्याने जाऊच नये.

वीस सेकंद, सेकंदाला बारा चित्रं, म्हणजे २४० चित्रं. हा आकडा ऐकून हात गळतात. पण एवढी काढावी लागत नाहीत. गोष्टीची चार-चार सेकंदांची पाच दृश्यं करा. पहिल्यात म्हातारी काठी टेकत निघते : कापलेली बाहुली, फक्त काठी आणि हात हलतात. दुसऱ्यात रान आणि वाघाचे लुकलुकणारे डोळे : दोन चित्रं आलटून पालटून. तिसऱ्यात लेकीच्या दारातला भोपळा : स्थिर चित्र, हळूहळू जवळ येणारं. चौथ्यात भोपळा रानातून निघतो : आपला चेंडूचा अभ्यास इथे कामाला येतो, गोष्टीतला भोपळा आहे म्हणून थोडी जास्त उसळी द्यायला हरकत नाही. मागची झाडं सरकवा, जवळची भराभर आणि लांबची हळू, सुरतेच्या गाडीच्या खिडकीतून दिसतात तशी. पाचव्यात वाघ बघत राहतो आणि भोपळा दिसेनासा होतो. सगळं मिळून तीसेक चित्रांत काम होतं.

आणि चित्रांच्या आधी आवाज. ॲनिमेशनच्या धंद्यात संवाद आधी ध्वनिमुद्रित करून मग त्यावर चित्रं बेतण्याचीच पद्धत आहे. पंखा बंद करून, खिडक्या लावून, मोबाइलवर आजीकडून गोष्ट सांगवून घ्या. मग ऐकत ऐकत कुठला शब्द कितव्या सेकंदाला येतो ते वहीत उतरवा. ‘वाघ’ हा शब्द साडेसहाव्या सेकंदाला आला तर गुणिले बारा, म्हणजे वाघाचे डोळे ७८ व्या घरात उघडायला हवेत. पाठांतर करून घेऊ नका. आजी मध्ये थांबली, हसली, एखादा गुजराती शब्द सहज बोलून गेली, तर ते सगळं राहू द्या.

‘एक, अनेक और एकता’ हा १९७४ चा ॲनिमेशनपट दूरदर्शनवर पाहिलेल्या पिढीला तो अजून आठवतो. भीमसेन यांनी केलेल्या त्या चित्रपटामागे विजया मुळे होत्या आणि संगीत वसंत देसाईंचं होतं. चित्रं अगदी साधी, सपाट रंगांची. मनात राहिला तो त्यातला मोठ्या ताईचा समजावणारा आवाज. आपल्या मुलांची शाळा इंग्रजी, अंगण गुजराती आणि मराठी फक्त घरात. त्यांच्या कानावर मराठी गोष्टी पडतात त्याही बहुधा परक्या आवाजातल्या. आपल्या घरातलं बडोद्याचं मराठी, त्याच्या हेलासकट, कुठल्याही कंपनीच्या व्हिडिओत मिळणार नाही. ते आपल्यालाच करावं लागेल, आणि त्यासाठी उत्तम चित्रकार असण्याची अट नाही.

काम पूर्ण झालं की जपण्याची व्यवस्था करा. सॉफ्टवेअरची मूळ फाइल ठेवाच, पण तिच्यावर विसंबू नका. तयार व्हिडिओ एमपी४ मध्ये, सगळी चित्रं पीएनजी किंवा एसव्हीजीमध्ये वेगळी, आवाजाची फाइल वेगळी. एक प्रत संगणकावर, एक पेन ड्राइव्हवर, एक दुसऱ्याच्या घरी. उद्या सॉफ्टवेअर बंद पडलं तरी एवढ्या सामानावर गोष्ट पुन्हा उभी करता येते.

वेळ किती लागेल? रोज अर्धा तास दिला तर पहिला आठवडा चेंडूचा, दुसरा झोपाळ्याचा, तिसरा अक्षरांचा, आणि पुढचे दोन-तीन गोष्टीचे. दीड महिन्यात वीस सेकंद तयार होतील. आवाजाचं काम मात्र या वेळापत्रकात बसवू नका. सॉफ्टवेअर उतरवून घेण्याआधी, जमल्यास याच रविवारी, आजीसमोर मोबाइल ठेवा आणि गोष्ट सांगायला सांगा. चित्रं पुढच्या वर्षीही काढता येतील.